शाळेत मराठीच्या तासाला केलेली 'गण पाडा, वृत्त ओळखा' ही घोकंपट्टी पुढे काही कामाची ठरली का?

माझी दहावी साताऱ्यात झाली, 1993 साली. दोन गुणांसाठी लघु-गुरूच्या, म्हणजे आखूड-लांब अक्षरांच्या, खुणा करत बसण्यापेक्षा कविता समजून घ्यायला का शिकवलं नाही, असं तुम्ही विचारलंय. माझ्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. वृत्त अंगात भिनलं आणि 'कविता समजून घेणं' म्हणून जे शिकवलं, तेच पाठांतर निघालं.

आठवीला ज्या बाई होत्या त्यांनी फळ्यावर 'यमाताराजभानसलगा' हे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, लक्षात ठेवायचं सूत्र लिहिलं, पण वहीत खुणा करू दिल्या नाहीत. आधी बाकावर वाजवायला लावलं. लघुला बोटाची टिचकी, गुरूला तळहात. ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा. चार 'य' गण, बारा अक्षरं, भुजंगप्रयात. पन्नास मुलं एका ठेक्यात बाक वाजवतायत, तो आवाज अजून कानात आहे.

माघ महिन्यात त्यांनी आम्हाला सज्जनगडावर नेलं. मनाचे श्लोक 205, आणि सगळे याच वृत्तात. पायऱ्या चढताना आम्ही ते म्हणत होतो. एक पायरी पटकन, पुढच्या दोन दमानं. वर समर्थांच्या समाधीपाशी बाई म्हणाल्या, "समर्थांना जाऊन तीनशे वर्षं होऊन गेली. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांच्याही तोंडी हे श्लोक राहिले, ते या चालीमुळं."

मला लगेच आजी आठवली. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती, पण रोज दिवेलागणीला ती श्लोक म्हणायची आणि एक मात्रा इकडची तिकडे होत नसे. घरी येऊन मी तिला सांगितलं, तू म्हणतेस ते भुजंगप्रयात वृत्त आहे. ती म्हणाली, "वृत्त कसलं गं? चाल हाय ती."

सहामाहीत माझा एक गुण गेला. 'तुझ्या' या शब्दात पुढे जोडाक्षर आहे म्हणून मी 'तु' गुरू धरला होता. बाईंनी जवळ बोलावून दोन शब्द मोठ्यानं म्हणायला लावले: कष्ट, तुझ्या. 'कष्ट' म्हणताना 'क'वर आघात येतो, 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर येत नाही. जोडाक्षराआधीचं अक्षर आघात आला तरच गुरू, हा नियम पुस्तकात होताच, पण मला तो त्या दिवशी ऐकू आला. कविता मी आजही आधी ऐकते आणि मग वाचते. ओळ कुठे लंगडते ते अर्थ लागायच्या आधीच कळतं.

आता दुसरी बाजू. दहावीला शिक्षक बदलले आणि रसग्रहण तयार मिळू लागलं. पहिलं वाक्य ठरलेलं, शेवटचं ठरलेलं, मध्ये 'शब्दयोजना चपखल आहे' हे हवंच. कवी यशवंतांची आईवरची कविता होती. कवी चाफळचे, आपल्याच जिल्ह्यातले. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी चाफळचं राममंदिर पाहिलेलं. पण तासाला त्यावर एक शब्द झाला नाही, 'कविपरिचय' म्हणून दोन ओळी उतरवून घेतल्या आणि पुढे गेलो. पूर्वपरीक्षेत मी त्या कवितेवर मनापासून लिहिलं, आई दोन महिने आजोळी होती तेव्हा घर कसं वाटायचं ते. पाचपैकी दोन गुण मिळाले आणि समासात शेरा: विषय सोडून. बोर्डाच्या पेपरात मी मुकाट्यानं पाठ केलेलं उतरवलं. माझा राग वृत्तावर नाही, या शेऱ्यावर आहे, आणि तो अजून गेलेला नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला कविता वाचून आपलं घर आठवलं, तर विषय तिथूनच सुरू होत नाही का?

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. 80 गुणांची कृतिपत्रिका आहे आणि रसग्रहणाला मुद्दे छापून दिलेले असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. ती मुद्दे पाठ करते, गुणांसाठी ते लागतंच, मी अडवत नाही. पण आधी मी तिच्याकडून कविता दोनदा मोठ्यानं म्हणवून घेते, टेबलावर बोटं वाजवत. परवा तिसऱ्या ओळीला ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, इथं वेग बदलला."