वाचकांचे प्रश्न : गच्चीवरची राख कुणाची?

प्रश्न : आम्ही निपाणीत राहतो. उसाचा हंगाम सुरू झाला की रोज सकाळी गच्चीवर काळी राख सापडते, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. आसपास साखर कारखाने आहेत, महाराष्ट्रातल्या कागलकडे औद्योगिक वसाहत आहे, शेतात पालाही पेटतो. कर्नाटकात तक्रार केली तर महाराष्ट्राकडे बोट दाखवतात, तिकडे गेलो तर इकडे. काय करावे?

उत्तर : तक्रारीआधी राख ओळखा. एक फुटाची पांढरी फरशी संध्याकाळी सातला गच्चीवर ठेवा, सकाळी सातला उचला. तुकडे लांब, फितीसारखे, पानाच्या शिरा दिसणारे असतील तर तो शेतात जळलेला पाला. बारीक, हलके, चिमटीत चुरगळून बोट काळे करणारे कण बहुधा साखर कारखान्यात बगॅस (उसाची चिपाडे) जाळणाऱ्या बॉयलरचे. चुंबकाला कण चिकटले की ते फाउंड्रीचे (धातू ओतण्याच्या कारखान्याचे), असे पुष्कळ जण सांगतात. आपल्याकडे ही युक्ती फसते, कारण बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीतच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असते. रस्त्यावरची धूळही चुंबकाला चिकटते.

बगॅसमध्ये साधारण निम्मे पाणी असते. ते जास्त ओले आले की नीट जळत नाही आणि अर्धवट जळालेले कण धुराड्याकडे जातात. ते अडवायला स्क्रबर (पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुणारे यंत्र) किंवा ईएसपी (विजेच्या भाराने कण ओढून घेणारे यंत्र) असतो. स्क्रबरचे नोझल तुंबते, ईएसपीच्या तळातली राख वेळेवर काढली नाही तर ती साचून वर चढते आणि त्याची फील्ड (कण ओढणारा विद्युत भाग) ट्रिप होते, म्हणजे बंद पडते. साखर कारखान्याच्या धुराड्यासाठी कणांची मर्यादा दर घनमीटर 150 मिलिग्रॅम आहे. मात्र राख रात्री जास्त पडते म्हणजे यंत्रणा मुद्दाम बंद ठेवतात, असे लगेच म्हणू नका. थंडीत रात्री वारा पडतो, मग राख दूर न जाता जवळच उतरते.

आता सीमेचा घोळ. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पाच-सहा गावांनी एकच तक्ता वापरावा : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा (काठीला बांधलेली रिबन पुरते), फरशीचा फोटो. सलग तीन आठवडे. कर्नाटक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाला कन्नड प्रत, महाराष्ट्र मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला मराठी प्रत. आकडे आणि फोटो तेच. तिसरी प्रत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला. 1981 च्या वायू कायद्यातील कलम 16 नुसार राज्य मंडळांत समन्वय साधणे आणि त्यांच्यातले वाद सोडवणे हे केंद्रीय मंडळाचे काम आहे. हे कलम अर्जात लिहा, म्हणजे ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर त्यांना देता येत नाही. हरित लवादाकडे जायची वेळ आली तर कर्नाटकातले प्रकरण चेन्नई खंडपीठाकडे जाते, महाराष्ट्रातले पुण्याकडे. म्हणून आधी दोन्ही बाजूंच्या एकत्र बैठकीत सुटेल ते सोडवलेले बरे.

बैठकीला शोभेची माणसे नकोत. कारखान्याचा बॉयलर सांभाळणारा, शेती अधिकारी, ऊसतोड टोळ्यांचे मुकादम, इकडचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तिकडचे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि दोन्ही मंडळांचे अभियंते इतके पुरे. मुकादमाला वगळले तर बाकीच्यांनी काहीही ठरवो, पाला पेटतोच.

प्रश्न : हुक्केरी तालुक्यातल्या आमच्या पंचायतीने पाला जाळायचा नाही असा ठराव केला. कुणी ऐकत नाही.

उत्तर : ऐकणार नाहीत, कारण सरीतल्या पाल्यात खोडव्याचे (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचे) पहिले पाणी अडते, ते ठरावाने पुढे सरकत नाही. खरी अडचण तिथेच आहे. एकरी तीन-चार टन पाला निघतो. तो सरीत दाबून बसवा आणि बुडखे उघडे ठेवा; झाकले तर फुटवे कमी येतात. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाला कुजवणारे जिवाणू टाकून लगेच पाणी द्या. युरिया चुकवू नका, नाहीतर कुजवणारे जिवाणू नत्र मातीतून ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. कोरड्या पाल्यावर भर उन्हात टाकला तर अमोनिया होऊन बराच उडून जातो. पहिल्या पाण्याला वेळ जास्त लागतो, म्हणून सरीचे छोटे तुकडे पाडा.

पीकेपीएसने (गावच्या प्राथमिक कृषी पत्तीन सहकारी संघाने) पाल्याची कुट्टी करणारे यंत्र भाड्याने ठेवले तर ठरावापेक्षा जास्त काम होईल. तोडणीच्या तारखा चिटबॉयकडून (कारखान्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याकडून) आधी घेतल्या तर यंत्र कोणत्या शेतात कधी लागेल तेही ठरवता येते.

प्रश्न : बेळगावात मी घरी हवेचे छोटे सेन्सर लावले. धुक्यात पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) एकदम 150 दाखवतो. खरे मानावे का?

उत्तर : नाही. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढतो. आर्द्रता 80 टक्क्यांवर असतानाचे आकडे वेगळे ठेवा. शक्य असेल तर दोन आठवडे सेन्सर सरकारी केंद्राशेजारी ठेवून फरक काढा. चुलीपासून लांब, सुमारे तीन मीटर उंचीवर बसवा. तुलना 24 तासांच्या सरासरीशीच करायची : दर घनमीटर पीएम 2.5 ची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम, पीएम 10 (थोडे मोठे कण) ची 100.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोल्हापूर 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे, बेळगाव नाही. म्हणून सीमेवरच्या गावांनी वर सांगितलेला तक्ता भरताना तुमच्यासारख्यांचे तपासलेले आकडे त्यात जोडावेत. न तपासलेला एक आकडा समोरच्याने पकडला की सगळा तक्ता बाजूला पडतो.