दंड लावावा की दर ठरवावा?

प्रश्न : मी पाळणाघर चालवते. सातला बंद करायचं असतं, पण तीन-चार पालक हटकून उशिरा येतात. दर वेळी ५० रुपये दंड लावावा का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : लावू नका, उशीर वाढेल. इस्राएलमधल्या हैफा शहरात नेमका हाच प्रयोग झाला. यूरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. १० पाळणाघरं, २० आठवडे. पहिले चार आठवडे नुसती नोंद ठेवली. पाचव्यापासून सहा ठिकाणी, दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की मुलामागे १० शेकेल दंड. उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले! सतराव्या आठवड्यात दंड काढला, तरी आकडा खाली आला नाही. आपल्यापायी ताई खोळंबल्या, ही टोचणी पालकांना आधी घाई करायला लावत असावी. महिन्याची फी १४०० शेकेल. तिथे १० शेकेलमध्ये ती टोचणी स्वस्तात फिटली.

थांबायची तयारी असेल तर सरळ ज्यादा वेळेचा दर लावा. थांबणाऱ्या मदतनीस बाईंचा अर्ध्या तासाचा मोबदला, वीज आणि तुमचा वेळ धरून आकडा काढा. पाच मिनिटं झाली तरी अर्धा तास धरायचा. दुपारी चारपर्यंत कळवलं तर साधा दर, न कळवता दुप्पट. पैसे त्याच दिवशी घ्या, महिन्याच्या बिलात ते दिसेनासे होतात. बाईंचा वाटा बाईंनाच द्या. नाहीतर कमाई तुमची आणि खोळंबा त्यांचा.

थांबायचंच नसेल तर पैशाचा विषय काढू नका. सात-पाचला फोन, आणि महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला की पुढच्या महिन्याचा प्रवेश नाही. हे प्रवेश अर्जावरच छापा.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये महिनाभर एकही खाडा नसेल तर १००० रुपये देतो. ज्याचा पहिल्या आठवड्यात खाडा होतो, तो पुढे सर्रास दांड्या मारतो.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : साहजिक आहे. तीन तारखेलाच हजार गेले, मग चार तारखेला येऊन त्याला जास्त काय मिळणार? आठवड्याला २०० करा, चारही आठवडे पूर्ण भरले तर वर २००. आधी कळवलेली आजारपणाची रजा खाड्यात धरू नका, नाहीतर माणूस अंगात ताप घेऊन मशीनवर उभा राहतो. आणि रक्कम बेताची ठेवा : वर्षभर सलग मिळालेला भत्ता कामगार पगारातच धरतो, नंतर कमी केलात तर कुरबुर ठरलेली.