मारिमेक्को म्हणजे केवळ मोठी लाल फुले नव्हेत

मारिमेक्को या नक्षीदार कापड व कपडे बनवणाऱ्या फिनिश कंपनीची ओळख सुरुवातीपासून त्या मोठ्या लाल फुलांचीच होती का, असा आपला प्रश्न आहे. तसे नव्हते. कंपनीची पहिली तेरा वर्षे त्या फुलाविना गेली, आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोलाचे काम याच काळात झाले.

विल्यो रातिया यांचा हेलसिंकीत प्रिंटेक्स नावाचा कारखाना होता. तेथे आधी मेणकापड तयार होत असे. त्यांच्या पत्नी आर्मी रातिया यांनी तरुण कलावंतांकडून नवी नक्षी काढून घेऊन ती सुती कापडावर छापण्यास सुरुवात केली. लोकांना ती नक्षी आवडे, पण एवढ्या ठळक कापडाचे करायचे काय, हे कळत नसे. ते दाखवण्यासाठी मे 1951मध्ये कपड्यांचे प्रदर्शन भरवण्यात आले आणि त्याच महिन्यात मारिमेक्कोची नोंदणी झाली. म्हणजे येथे कापड आधी आले आणि कपडे त्याच्यासाठी शिवले गेले. नक्षी चुण्यांत आणि शिवणींत तुटू नये म्हणून बेतही साधे, सैल ठेवले गेले.

1953मध्ये कंपनीत आलेल्या नक्षीकार वुओक्को नुर्मेस्निएमी यांनी हा विचार सर्वांत पुढे नेला. त्यांच्या पिक्कोलो या नक्षीत कुंचल्याने ओढल्यासारखे, किंचित हलत्या कडांचे उभे पट्टे आहेत. छापताना एका रंगाचा पट्टा दुसऱ्यावर थोडा चढतो आणि तेवढ्या चिंचोळ्या जागेत तिसरा रंग आपोआप उमटतो. छपाईत जो दोष मानला गेला असता, तोच येथे नक्षीचा प्राण झाला आहे. याच कापडाचा योकापोइका हा सदरा 1956मध्ये पुरुषांसाठी आला, स्त्रियाही तो घालू लागल्या आणि आजही तो बनतो. ही कंपनी एकाच वस्तूतून समजून घ्यायची असेल, तर मी हा सदरा सुचवीन.

अमेरिकी राजकारणी जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलीन केनेडी यांनी 1960मध्ये मारिमेक्कोचे कपडे घेतल्यामुळे अमेरिकेत तिचा बोलबाला झाला, हे बहुतेकांना ठाऊक असते.

आता फुलांविषयी. फूल निसर्गात जितके सुंदर दिसते तितके कापडावर दिसत नाही, या भूमिकेतून आर्मी रातिया यांनी फुलांची नक्षी नको असे जाहीर केले होते. तरीही कंपनीसाठी नक्षी काढणाऱ्या माइया इसोला यांनी फुलांची एक मालिकाच रंगवली, आणि त्यातून 1964मध्ये उनिक्को, म्हणजे खसखशीचे फूल, छापले गेले. विशेष हे की रातिया यांनी स्वतःच ते स्वीकारले. त्या फुलात नाजूकपणाचा लवलेशही नाही; सपाट रंगांचे ते प्रचंड आकार आहेत, आणि म्हणूनच ते कंपनीच्या जुन्या वळणाशी विसंगत वाटत नाही.

1979मध्ये आर्मी रातिया वारल्या, 1985मध्ये कंपनी आमेर उद्योगसमूहाकडे गेली आणि तोट्यात रुतली. 1991मध्ये उद्योजिका किर्स्ती पाक्कानेन यांनी ती विकत घेऊन सावरली. माइया यांच्या कन्या क्रिस्तीना इसोला यांनी उनिक्कोला नवे रंग दिले. ते फूल आज कप, छत्र्या आणि पिशव्यांवर सर्वत्र दिसते, ते मुख्यतः या नंतरच्या काळात. तेव्हा त्यावरून 1950च्या दशकाचा अंदाज बांधू नये.

आपल्याकडे या कंपनीचे जुने कापड असेल, तर त्याची किनार न्याहाळून पाहावी. नक्षीकाराचे नाव आणि नक्षीचे वर्ष बहुधा तेथेच छापलेले असते. मात्र ते वर्ष नक्षीचे असते, आपल्या हातातील कापड छापल्याचे नव्हे.