बॉम्बर विमानांचीच मालवाहू विमाने का केली नाहीत?

दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनांची बॉम्बर विमाने कित्येक टन बॉम्ब उचलत होती, तर त्यांच्याकडूनच मालवाहतूक का करून घेतली नाही, असे आपण विचारले आहे. ती करून घेतली गेली. मात्र जिथे बॉम्बरचा सांगाडाच तसाच ठेवला, तिथे वैमानिकांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली, असे माझे मत आहे.

बॉम्बरचा बहुतेक भार पंखांखाली, गुरुत्वमध्याच्या आसपास असतो. मालवाहू विमानात तो लांबवर पसरतो आणि दर फेरीला वेगळा असतो. अमेरिकेने १९४२ मध्ये बी-२४ लिबरेटर या बॉम्बरवरून घाईने सी-८७ हे मालवाहू विमान तयार केले, तेव्हा मशीनगनचे मनोरे उतरवले, बॉम्बच्या कप्प्यावर फळ्यांची जमीन केली आणि डाव्या कुशीत मोठे दार पाडले. पण मूळचे अरुंद धड तेच राहिले. आसामातून डोंगररांगा ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या 'हम्प' मार्गावर ही विमाने उडत. सामान थोडे पुढेमागे रचले गेले तरी तोल बिघडे आणि लांब, निमुळत्या पंखांवर बर्फ धरला की विमानाची उचल झपाट्याने कमी होई. पोटात टाक्या बसवून चीनमधील बी-२९ बॉम्बर विमानांसाठी पेट्रोल नेणाऱ्या, बी-२४ वरूनच केलेल्या सी-१०९ ला तर वैमानिक 'सी-वन-ओ-बूम' म्हणत; 'नाइन'च्या जागी स्फोटाचा 'बूम'. रोज त्याच विमानात बसायचे असताना ते नाव कसे उच्चारले जात असेल, याची कल्पना करूनही मन अस्वस्थ होते.

ब्रिटनमध्ये एव्हरो कंपनीचे विमानरचनाकार रॉय चॅडविक यांनी वेगळी वाट धरली. लँकेस्टर या बॉम्बरचे पंख, इंजिने, चाके आणि शेपूट त्यांनी ठेवले, पण धड नव्याने, चौकोनी पेटीसारखे आखले. पंख धडाच्या माथ्यावर गेल्यामुळे विमानाच्या आतली जमीन खाली आली आणि माल चढवणे सोपे झाले. नवे धड बाजूने जास्त रुंद भरत असल्याने दोन उभ्या पुच्छपंखांनी दिशा सांभाळली जाईना, तेव्हा मधोमध तिसरा बसवावा लागला. हेच एव्हरो यॉर्क. त्याचे पहिले उड्डाण जुलै १९४२ मध्ये झाले, माउंटबॅटन यांच्या दिमतीला असलेले विमानही यॉर्कच होते, आणि १९४८-४९ मध्ये वेढलेल्या बर्लिनला पीठ, कोळसा पोहोचवण्यासाठी ब्रिटिश हवाईदलाने याच विमानांवर मोठी भिस्त ठेवली.