तीन फोटो, एक शीट आणि दुसऱ्याच्या लग्नातला मामा

प्रश्न : मी लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. फोटोशॉपमध्ये तीस-चाळीस फोटो एकदम उघडे असतात, सगळे टॅबमध्ये. कुठला फोटो कुठे आहे ते सापडत नाही, शीटवर (अल्बमच्या जोडपानावर) ओढताना भलत्याच फाइलवर पडतो. शिवाय एकाच शालूचा रंग तीन फोटोंत तीन तऱ्हेचा दिसतो. मॉनिटर एकच आहे, १९२० बाय १०८०चा. खिडक्या कशा मांडाव्यात?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी माझी फजिती ऐका. एका सीझनला मी दोन लग्नं शेजारी-शेजारी उघडून बसले होते. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे दोन्ही लग्नांत 'डीएससी_०४१७' होता. टॅब इतके अरुंद झालेले की नावाचा शेपटाकडचा भाग दिसतच नव्हता. अल्बम बाइंड होऊन घरी गेला आणि नवरीच्या आत्याने विचारलं, "अंतरपाट धरलेला हा मामा कोणाचा?" तो दुसऱ्या लग्नातला होता. शीट माझ्या खर्चाने पुन्हा छापलं. तेव्हापासून एका वेळी एकच लग्न उघडते, आणि कार्ड रिकामं करतानाच सगळ्या फाइलींच्या नावापुढे लग्नाचं छोटं नाव लावते.

आता मांडणी. मी शिकले तेव्हा प्रत्येक फोटो आपापल्या खिडकीत उघडायचा. २००८ साली फोटोशॉपची सीएस४ आवृत्ती आली आणि टॅब आले. एकच फोटो दुरुस्त करणाऱ्याची त्यात सोय झाली, आपली मात्र पंचाईत; कारण टॅबमध्ये मागचा फोटो दिसत नाही आणि आपलं कामच दोन फोटो एकमेकांशेजारी बघायचं.

तुमचं शीट बहुतेक १२ बाय ३६ इंचाचं असणार, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०८०० बाय ३६०० पिक्सेल. ते लांबलचक आडवं आहे. तरी निम्मे लोक स्क्रीन मधोमध उभी चिरतात, मग शीट पट्टीएवढं दिसतं. पॅनेलना (लेयर, रंग वगैरेंच्या चौकटींना) उजवीकडे ३०० पिक्सेल द्या, उरतात १६२०. शीट १५ टक्के झूमवर ठेवलंत तर बरोबर १६२० बाय ५४० भरतं. त्याच्याखाली ५४० बाय ३६०चे तीन आडवे फोटो शेजारी-शेजारी बसतात. वर मेनू, खाली टास्कबार धरून जेमतेम मावतं, पण मावतं. 'विंडो' मेनूत 'अरेंज'मध्ये 'फ्लोट ऑल इन विंडोज' करा आणि चारही खिडक्या हाताने लावा. हलवताना कंट्रोल दाबून धरलं की खिडकी परत टॅबात जाऊन चिकटत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर तिथेच 'टू-अप हॉरिझाँटल' निवडा, दोन खिडक्या आपोआप वर-खाली लागतात.

आणि चाळीस फोटो उघडू नका हो. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो मेमरीत ७२ एमबी घेतो, चाळीसचे झाले २.८ जीबीच्या वर. त्या शीटला लागतात तेवढेच उघडा, ते संपलं की बंद करा.

शालूसाठी तिन्ही खालचे फोटो एकाच झूमवर हवेत. एकाचा चेहरा मोठा, दुसऱ्याची पूर्ण मांडवशोभा असं असलं की डोळा फसतो. 'अरेंज'मध्येच 'मॅच झूम अँड लोकेशन' आहे. ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेत हे बघायलाही मी तेच वापरते : तीन फ्रेम, १०० टक्के झूम, आणि हँड टूलने सरकवताना शिफ्ट दाबलेलं. तिन्ही खिडक्या एकत्र सरकतात, काकूंपासून आजोबांपर्यंत एका दमात तपासणी होते.

पुढे दुसरा मॉनिटर घेतलात तर त्यावर पॅनेल न्या, फोटो नको. एक फोटो इथे, एक तिथे ठेवून रंग जुळवायला बसलात तर रात्र संपेल, शालू जुळणार नाही.

एक लक्षात ठेवा : 'न्यू वर्कस्पेस' करून मांडणी सेव्ह केली तरी पॅनेलच्या जागा राहतात, फोटोंच्या खिडक्यांच्या नाहीत. त्या दर वेळी लावाव्या लागतात. खिडक्या आपोआप मांडणाऱ्या 'अरेंज'मधल्या 'टाइल'ला मी शॉर्टकट देऊन ठेवलाय, सुरुवात तिथून होते.

प्रश्न : जुने घरचे फोटो स्कॅन करून गिंपमध्ये (फोटो दुरुस्त करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) डाग काढते आहे. मोठं करून डाग काढला की पूर्ण फोटोत तो भाग कसा दिसतो ते कळत नाही.
– एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : 'व्ह्यू' मेनूत 'न्यू व्ह्यू' करा, बाई. तोच फोटो दुसऱ्यांदा उघडेल. एकात मोठा करून डाग काढा, दुसऱ्यात पूर्ण चेहरा बघत राहा. दोन्ही शेजारी दिसायला 'विंडोज' मेनूतल्या 'सिंगल-विंडो मोड'ची खूण काढा, नाहीतर ते टॅबात एकामागे एक बसतात. काम झाल्यावर जादा खिडकी बिनधास्त बंद करा. पहिली उघडी असेपर्यंत फोटो कुठे जात नाही.