काकू, माझे मेसेज कोण वाचतंय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली, म्हणून फुगलेल्या बॅटऱ्या आणि भरलेलं स्टोरेज पुढच्या अंकात. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल हातानं जोडायच्या जागी, लागले तेव्हा कॉल 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लायटनिंग' असे बुक व्हायचे. आता निवृत्त आहे. शनिवारी दुपारी नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या घरी शेजारपाजारचे लोक फोन घेऊन येतात, आणि उरलेले तुम्ही पत्रं लिहिता.

प्रश्न : काकू, लग्नाला दोन वर्षं झाली, सासर मानेवाड्याला. आईला व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की दुसऱ्या दिवशी घरात त्याच विषयावर टोमणा येतो. मागच्या महिन्यात मी फक्त आईलाच लिहिलं होतं, की भिशीचे पैसे वेगळे ठेवलेत. रात्री नवऱ्यानं विचारलं, "भिशी किती जमली?" फोन माझ्याजवळच असतो, लॉकही आहे. फोन हॅक झाला असेल का?

उत्तर : पोरी, तुझे मेसेज वाचायला कोणी दूर बसून फोन फोडावा लागत नाही. उघडा फोन दोन मिनिटं हाती लागला तरी पुरतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक शिक्षिका हीच तक्रार घेऊन आली होती. तिच्या व्हॉट्सॲपच्या वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं, 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडलं. तिथे एक ओळ होती : गूगल क्रोम, विंडोज. खाली लिहिलेलं, शेवटचा वापर आज दुपारी १:४०. दुपारी १:४० ला ती पाचवीच्या वर्गावर होती आणि फोन पर्समध्ये. घरात कॉम्प्युटर नाही. मी विचारलं, फोन कोणाकडे दिला होता का? तर पंधरा दिवसांपूर्वी बर्डीच्या बाजारात डिस्प्ले बदलायला टाकला होता. दुकानदारानं फोनला चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावली होती, तिच्यावर नऊ टिंबं आणि त्यांतून काढलेली रेघ. तिचा पॅटर्न! दिवसभर ती चिठ्ठी काउंटरवर सगळ्यांसमोर होती.

व्हॉट्सॲपचा मेसेज २०१६ पासून वाटेत कुलूपबंद जातो, हे खरं. पण लिंक केलेला कॉम्प्युटर वाटेत नसतो, तो तुझ्या फोनसारखाच मेसेजचा हक्काचा मुक्काम असतो. एका खात्याला असे चार मुक्काम जोडता येतात. आणि ते जोडताना लॉक असलेला फोन बोटाचा ठसा, पिन किंवा पॅटर्न मागतो. म्हणजे ज्यानं जोडलं, त्याला तुझा पिन ठाऊक आहे किंवा त्याचं बोट तुझ्या फोनमध्ये नोंदलेलं आहे. सेटिंगमध्ये जाऊन ठसे मोज. तू दोन नोंदले असशील आणि तिथे तीन दिसले, तर तिसरं बोट कोणाचं ते तुला सांगायला नको.

एसएमएसचंही असंच. अँड्रॉइडच्या 'मेसेजेस' ॲपमध्ये वरच्या फोटोवर टिचकी मार, 'डिव्हाइस पेअरिंग' दिसेल. तिथे कॉम्प्युटर जोडलेला असला तर बँकेचे ओटीपीसुद्धा तिकडे दिसतात. आयफोन असेल तर 'टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग' बघ. मग तुझ्या गूगल खात्यात कुठले फोन, कुठले कॉम्प्युटर साइन-इन आहेत ते पाहा. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन ॲक्सेस', 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या तीन जागा. चोरून वाचणारी ॲप्स आपलं चिन्ह लपवतात, पण त्यांतल्या बहुतेकांना या तीनपैकी कुठेतरी परवानगी घ्यावी लागते. 'सिस्टम सर्व्हिस' वगैरे साळसूद नाव असेल, तू स्वतः टाकलेलं नसेल, तर त्याच्यावर संशय घे. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद कर. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेला फोन उजळतो, तेव्हा वाचणाऱ्याला पिन लागत नाही.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण पुढची घाई तुझ्या अंगाशी येऊ शकते. यादीत अनोळखी ओळ दिसली तर लगेच 'लॉग आउट' दाबू नकोस. दाबल्याक्षणी पलीकडच्याला कळतं. आधी दुसऱ्या फोननं त्या स्क्रीनचा फोटो घे, तारीख-वेळ दिसेल असा, आणि तो आईकडे ठेव. घरात हात उगारला जात असेल, दाराला कडी लावली जात असेल, तर लॉग आउट करण्याआधी कुठे जायचं हे ठरव. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. फोन आईच्या किंवा मैत्रिणीच्या मोबाइलवरून लाव. तसं काही नसेल, फक्त टोमणे असतील, तर सगळं लॉग आउट कर, पिन बदल, नको ते ठसे पूस, व्हॉट्सॲपला सहा आकडी टू-स्टेप पिन लाव. आणि पिन तुझ्या लग्नाच्या तारखेचा ठेवू नकोस. घरातल्या प्रत्येकाला ती पाठ असते.

नवऱ्याला हक्क आहे का, असं तू विचारलेलं नाहीस, पण पत्रभर तो प्रश्न आहे. नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, इथल्याच खंडपीठात वकिली केलेले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ सांगतं, की एखाद्या पुरुषानं स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार करायची की नाही हे तू ठरव, आणि ठरवण्याआधी वकिलाशी बोल. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : ताई, आमच्या सकाळी फिरायच्या ग्रुपवर मेसेज आला की स्टार-हॅश-२१-हॅश लावून बघा, आकडा दिसला तर तुमचे मेसेज कोणीतरी वाचतंय. मी लावलं तर माझ्याच कंपनीचा एक नंबर दिसला. झोप उडाली आहे. (निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर)

उत्तर : काका, निश्चिंत झोपा. तो कोड कॉल फॉरवर्डिंग दाखवतो, मेसेजचा त्याच्याशी संबंध नाही. कंपनीचा नंबर मिस्ड कॉलच्या सूचनेसाठी किंवा व्हॉइसमेलसाठी असू शकतो. कस्टमर केअरला विचारून खात्री करा. अनोळखी दहा आकडी मोबाइल नंबर दिसला तर मात्र हॅश-हॅश-००२-हॅश लावून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा, कारण काही ओटीपी फोन करूनही सांगितले जातात. कुरिअरवाला किंवा फोन कंपनीचा म्हणवणारा कोणी "स्टार ४०१ स्टार लावा" म्हणाला तर तो तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायला बघतो. हे प्रकार एवढे वाढले, की दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून फॉरवर्डिंग सुरू करण्याची सोय थांबवायला सांगितली.

प्रश्न : काकू, माझ्या वडिलांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. दाबल्यावर काहीच उघडलं नाही. तीन दिवसांनी खात्यातून ८६ हजार गेले. ते म्हणतात, मी कोणालाच ओटीपी सांगितला नाही, आणि ते खोटं बोलणारे नाहीत. मग ओटीपी गेला कसा? (वाचक, नंदनवन)

उत्तर : वडील खरंच बोलताहेत, त्यांना रागावू नका. ती पत्रिका नव्हती, एपीके होती, म्हणजे ॲप बसवायची फाइल. खरी पत्रिका फोटो असते नाही तर पीडीएफ. ही फाइल दाबली की फोन विचारतो, 'अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवू का?' आणि मग 'एसएमएस वाचू देऊ का?' वडिलांनी पत्रिका बघायच्या ओढीनं दोन्हीकडे 'अलाउ' दाबलं असणार. त्यानंतर बँकेचा प्रत्येक एसएमएस आल्याआल्या चोराकडे पोचत राहिला. एसएमएसला व्हॉट्सॲपसारखं कुलूप नसतं. ज्या ॲपला परवानगी, त्याला सगळी पेटी खुली. हल्ली हीच फाइल ट्रॅफिक चलनाच्या नावानंही येते. चलन बघायचं तर परिवहन खात्याच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा, फाइल उघडू नका.

आता करायचं ते सांगते. त्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि फोन विमान मोडवर टाका. बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला दुसऱ्या फोनवरून फोन लावा. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसा अडवता येण्याची आशा जास्त. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते ग्राहकाच्या माथी येत नाही, म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची. फोटो आणि नंबर वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं ॲप काढण्यावर मी भरवसा ठेवणार नाही. पासवर्ड आणि यूपीआय पिन स्वच्छ फोनवरून बदला.

वडिलांच्या फोनमध्ये सिमलाही पिन लावा. फोन चोरीला गेला की चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि ओटीपी घेतो. सिमला पिन असेल तर तिथे अडतो. तीनदा चुकीचा पिन पडला की सिम बंद होतं आणि ते उघडायला कंपनीचा पीयूके क्रमांक लागतो, म्हणून पिन घरात लिहून ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नाही. आणि कधी भरवस्तीत नेटवर्क अचानक गेलं, तासभर आलंच नाही, तर वाट बघत बसू नका. तुमच्या नावावर दुसरं सिम निघालं नाही ना, हे कंपनीला विचारा.

प्रश्न : ताई, मुलगी अकरावीत आहे. शिकवणीवरून आली की फोन घेऊन खोलीत जाते, रात्री साडेअकरापर्यंत टाइप करत असते. विचारलं तर "काही नाही ना, आई" म्हणते. एका ओळखीच्यांनी ॲप सुचवलं आहे, तिला न कळता तिचे सगळे मेसेज माझ्या फोनवर दिसतील. टाकताना ते फोनमधलं घातक ॲप अडवणारं प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतं. हे कसं करायचं ते सांगा. (एक आई, धरमपेठ)

उत्तर : बाई, हे मी सांगणार नाही. तुमची काळजी मला कळत नाही असं नाही, पण ऐकून घ्या.

जे ॲप आधी पहारेकऱ्याला बाहेर काढायला सांगतं, ते तुमच्या घरात काय आणतं? सोळा वर्षांच्या मुलीचे मेसेज, फोटो, ती आत्ता कुठे आहे ते ठिकाण, हे सगळं तुमच्या फोनवर येण्याआधी कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाऊन पडतं. ती कंपनी कोणाची, तिथे बसून ते कोण बघतं, तुम्हाला माहीत आहे का?

आम्ही ट्रंक बोर्डावर बसायचो तेव्हा कॉल लागला की नाही हे बघण्यापुरती ऐकायची किल्ली उघडायची आणि लगेच बंद करायची, ही शिस्त होती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात निरोप फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. ती शिस्त मी नोकरीत पाळली, पण त्याआधी घरात मोडली होती. धाकटी बहीण अमरावतीला हॉस्टेलवर होती, सुटीत घरी आली की तिला मैत्रिणीचं इनलँड पत्र यायचं. इनलँडची एक बाजू नीट चिकटलेली नसते. तिथून मी विणायची सुई आत घालायची, कागद सुईभोवती हलक्या हातानं गुंडाळायची आणि उजेडाकडे धरून ओळी वाचायची. मला वाटायचं, मी मोठी, माझी जबाबदारी. एका पत्रात शेवटी लिहिलेलं होतं, 'ताई वाचते हे मला माहीत आहे, म्हणून बाकीचं भेटल्यावर.' त्यानंतर आमच्या पत्त्यावर त्या मैत्रिणीचं एकही पत्र आलं नाही. पुढे एका मुलानं बहिणीला फार त्रास दिला, ती कॉलेज सोडायच्या बेतात होती, आणि हे मला चार वर्षांनी कळलं. तेही तिच्याकडून नाही.

तुमच्या मुलीला ॲप सापडेल. या मुलांना सापडतंच. मग ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलेल, आणि तुमच्या स्क्रीनवर अभ्यासाचे मेसेज येत राहतील.

तिला रात्रीच्या खोलीत गाठू नका. रविवारी सकाळी दोघी बर्डीवर जा, तर्री पोहे खा, आणि तिथे सांगा की मला काळजी वाटली, मी तुझे मेसेज चोरून बघायचं ॲप शोधत होते. हे सांगणं अवघड आहे, पण तेवढंच सांगा आणि थांबा. रात्रीच्या वेळेचा प्रश्न असेल तर गूगलचं फॅमिली लिंक तिच्या संमतीनं दोघींच्या फोनवर उघडपणे लावता येतं. ते वेळ आणि ॲप दाखवतं, मेसेज वाचत नाही. तिच्या फोनमध्ये १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि १९३० सेव्ह करा. फोटोवरून किंवा बोलण्यावरून कोणी धमकावत असेल तर चॅट पुसायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणि आई ओरडणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

आणि ते ॲप आधीच टाकून झालं असेल, तर आजच काढा, प्ले प्रोटेक्ट परत सुरू करा, आणि काढल्याचं तिला तुम्हीच सांगा, दुसऱ्या कोणाकडून तिला कळायच्या आत.