सरकारात सीआयओ असला-नसला तर गावाला काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न असा आहे: कंपन्यांत असतो तसा सीआयओ (चीफ इन्फर्मेशन ऑफिसर, म्हणजे मुख्य माहिती अधिकारी) सरकारी खात्यात नेमला तर तो करणार काय, आणि जिथे नेटच धड चालत नाही त्या खेड्यांना या शहरी चोचल्यांचा उपयोग काय?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते, म्हणून दुसऱ्या भागाचं आधी सांगते. पोर्टल बंद पडलं तर शहरातला माणूस रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर पुन्हा एकदा बघतो. आमच्याकडचा कास्तकार एक रोज पाडून, काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून येतो आणि 'सर्व्हर डाऊन' ऐकून परत जातो. "काहून ताई, आजबी नाही का?" एवढंच विचारतो. तो सर्व्हर कोण सांभाळतं हे त्याला ठाऊक नसतं, मलाही नसतं. सीआयओ नसल्याचा भुर्दंड सगळ्यात जास्त त्यालाच बसतो.

आता पहिला भाग. खात्याकडे कोणती माहिती आहे, ती कुठे साठते, दुसऱ्या खात्याला कशी मिळते, कोणाला दिसू नये, त्यावर पैसा किती जातो आणि बंद पडलं तर मान कोणाची धरायची, हे सगळं ज्याच्या टेबलाशी येऊन थांबतं तो सीआयओ. आरटीआयवाला माहिती अधिकारी वेगळा, त्याच्याशी गल्लत नको. कॉम्प्युटर-प्रिंटरची खरेदी हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. मोठं काम असतं ते जीआर निघायच्या आधीचं.

विदर्भातल्या कोणालाही पटेल असं उदाहरण देते. जून २०१७ मध्ये कर्जमाफी जाहीर झाली, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंतची. थकबाकीदाराचं नाव, खातं, रक्कम सगळं बँकेत होतंच. तरी अर्ज कास्तकारानं ऑनलाइन भरायचा ठरलं, तोही नवरा-बायको दोघांच्या आधारसकट. ऐन निंदण-डवरणीच्या दिवसांत केंद्रांपुढे रांगा लागल्या. मातीत काम करून झिजलेले अंगठे मशीन घेईना. ओल्या फडक्यानं पुसा, परत ठेवा, दाबू नका, आता दुसरं बोट ठेवा, असं चालायचं. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली आणि पाठोपाठ कळलं की अर्जातली माहिती बँकांच्या माहितीशी जुळत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. या खेपेला अर्जच नव्हता. बँकांनी थकबाकीची माहिती आधी चढवली, गावोगाव याद्या लागल्या, यादीत प्रत्येकाच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक. तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रावर यायचं, पडद्यावरची रक्कम बघायची, मान्य असेल तर अंगठा द्यायचा, नसेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. पावती घेऊन माणूस पुढच्या एसटीनं घरी. कॉम्प्युटर तसलेच, नेट तसंच, अंगठेही तेच झिजलेले. जी माहिती व्यवस्थेकडे आधीच आहे ती लोकांकडून पुन्हा मागायची नाही, एवढं एक ठरलं आणि सगळं सोपं झालं. हा निर्णय कोण्या सीआयओनं घेतला असा माझा दावा नाही. पण घोषणेच्या आधी, बंद खोलीत, हाच प्रश्न विचारायला आणि उत्तर मिळेपर्यंत तारीख जाहीर होऊ न द्यायला तो माणूस लागतो.

त्याचं दुसरं काम कोणाला दिसत नाही: नावं जुळवणं. सातबाऱ्यावर शेषराव, आधारवर शेशराव, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव किती जुळतं त्याचा गुणांक पडद्यावर येतो. बापाचं नाव गळालं की तो खाली घसरतो. वावर अजून मयत नवऱ्याच्या नावावर असेल, वारस फेरफार झालेला नसेल, तर ती बाई वर्षानुवर्षं तेच वावर कसत असूनही पोर्टलच्या लेखी शेतकरी नाही. महसुलानं जमिनीसाठी एक रजिस्टर ठेवलं, बँकेनं कर्जासाठी दुसरं, आधारनं ओळखीसाठी तिसरं. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण त्यांचा मेळ घालायची जबाबदारी वर कोणाचीच नाही, म्हणून तो आज तलाठ्याच्या आणि माझ्या टेबलावर घातला जातो, एकेका माणसाचा, एकेका दिवशी. अर्थात फेरफारच मंजूर नसेल तर सीआयओही काही करू शकत नाही. ते काम महसुलाचंच, आणि वीज गेली तर महावितरणचं.

कधी कधी वरून शहाणपणाचा निर्णय येतो. जून २०२३ मध्ये पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय आली. म्हाताऱ्या बायांच्या अंगठ्यांशी झटापट बरीच कमी झाली.

अमेरिकेनं हे पद १९९६ च्या कायद्यानं खात्याखात्यात आणलं, पण तिजोरीच्या किल्ल्या दिल्या नाहीत. २००९ मध्ये विवेक कुंद्रा पहिले फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचे, सीआयओ झाले. त्यांनी त्याच वर्षी एक वेबसाइट उघडली: कोणत्या आयटी प्रकल्पावर किती खर्च झाला, तो किती रखडला, हे कोणीही बघावं, आणि शेजारी जबाबदार सीआयओचा फोटो. तो फोटो मला सगळ्यात आवडला. तरीही १ ऑक्टोबर २०१३ ला त्यांच्या आरोग्यविम्याचं पोर्टल सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा हजार नाही, सहा. तपासणीत निघालं की त्या कामाला स्पष्ट असा एक धनीच नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये नवा कायदा आला आणि खात्याच्या आयटी बजेटला, करारांना सीआयओची मंजुरी लागायला लागली. पद आणि पैसा एका हातात यायला तिथेही १८ वर्षं गेली.

आपल्याकडे माणसं नाहीत असं बिलकूल नाही. केंद्र सरकारची कॉम्प्युटरची कामं बघणारी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) १९७६ पासून आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी बसतो. राज्याचा माहिती तंत्रज्ञान विभाग आहे, महाआयटी ही राज्याची आयटी कंपनी आहे, खात्यांचे आपापले कक्ष आहेत. पण एनआयसीचा माणूस केंद्राचा, पोर्टल राज्याचं, योजना कृषीची, जमीन महसुलाची. सचिवांना विषय कळेपर्यंत बदलीची ऑर्डर येते. मला विचाराल तर सीआयओ तांत्रिक माणूस असावा, ठरावीक मुदतीसाठी असावा आणि त्याच्या सहीशिवाय खात्याचा आयटीचा एक रुपया हलू नये. यातलं शेवटचं जमत नसेल तर पद काढूच नका, एक गाडी आणि एक केबिन वाचेल.

मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं होतं. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी सभांमध्ये त्याचे व्हिडिओ लावून तिथे तसं काही नसल्याचं सांगितलं. राजकारण बाजूला ठेवा. उद्घाटनाला पाहुणे पुष्कळ मिळतात, पाच वर्षांनी मशीन चालू आहे का हे बघायला पगारी माणूस ठेवावा लागतो.

तोवर तुमच्या कामाचं सांगते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. त्यात प्रत्येक दाखल्याला मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी आहे, आणि विनाकारण उशीर केला तर त्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोर्टलला मात्र असा कोणी पदनिर्देशित नाही. म्हणून ज्या दिवशी अर्ज चढत नाही त्या दिवशी पडद्याचा फोटो काढून घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. पुढे मुदत उलटली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याला तो जोडा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी तो फोटो व्हॉट्सॲपवर टाकून देते, त्याचे पैसे घेत नाही.